गोदेचा पहिला कोस

नाशिकहून पश्चिमेकडे निघालेला रस्ता अठरा-एकोणीस मैल चालून जेथें डोंगराला टेकतो, तेथें त्र्यंबक हें गांव आहे. गांवाच्या पाठीशीं ब्रह्मगिरीचा काळा कडा भिंतीसारखा उभा असून एका बाजूस नीलपर्वताची ठेंगणी टेकडी आहे. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें गांवची वस्ती अवघी बारा हजारांच्या आसपास. परंतु श्रावणांतल्या तिसऱ्या सोमवारीं ह्याच गांवाच्या गल्ल्यांतून लाखांनीं माणसें जातात, आणि बारा वर्षांनीं एकदां येणाऱ्या सिंहस्थांत तर त्या गर्दीला मोजमाप उरत नाहीं. बारा ज्योतिर्लिंगांपैकीं एक येथें आहे. दक्षिणगंगा गोदावरी येथें उगम पावते. ज्ञानदेवांचे वडील बंधु व गुरु निवृत्तिनाथ यांची समाधिही येथेंच आहे. एवढी सामग्री एका गांवीं असली म्हणजे यात्रेकरूला दुसरें कांहीं पाहण्याची सवड राहत नाहीं, हें उघड आहे. सकाळीं मोटारीनें यावें, कुशावर्तांत स्नान करावें, रांगेंत उभें राहून देवदर्शन घ्यावें आणि दुपारच्या जेवणाला नाशकास परतावें, असा आतां शिरस्ता पडून गेला आहे.

ह्या घाईंत जी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेंतून सुटते ती म्हणजे नदी. गोदावरी त्र्यंबकाहून निघून १,४६५ किलोमीटर वाहते आणि पूर्वसमुद्रास मिळते. गंगेच्या खालोखाल लांबीची नदी देशांत हीच. तिच्या उगमापासून पश्चिमसमुद्र अवघा पन्नास मैलांवर आहे. तरी त्याच्याकडे पाठ फिरवून ती सारा दख्खन ओलांडून जाते. पण ज्या गांवीं ती जन्मली त्या गांवांत जाऊन कोणी ‘नदी कोठें आहे?’ असें विचारलें, तर एकजण कुंडाकडे बोट दाखवील, दुसरा डोंगराकडे हात करील, आणि वाहतें पात्र दाखविणारा क्वचितच भेटेल. गोदेचा हा पहिला कोस नीट समजला म्हणजे त्र्यंबकचा निम्माअधिक इतिहास समजला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. ऋषींपासून पेशव्यांपर्यंत आणि गोसाव्यांपासून नगरपालिकेपर्यंत येथें जो जो आला, त्यानें त्यानें ह्या पाण्याला आपल्या परीनें बांध घालून पाहिला आहे.

ब्रह्मगिरि समुद्रसपाटीपासून सुमारें ४,२५० फूट उंच. सह्याद्रीच्या इतर डोंगरांसारखा तोही लाव्हारसाच्या थरांवर थर बसून तयार झालेला आहे. माथा सपाट, त्याखालीं तुटलेला कडा, मग झाडीचा उतार आणि पुन्हां कडा, अशी त्याची घडण. आषाढ-श्रावणांत येथें नाशकाच्या कितीतरी पट पाऊस पडतो. त्यांतला पुष्कळसा कड्यांवरून धबधब्यांच्या रूपानें निघून जातो. उरलेला माथ्यावर मुरतो, दगडांच्या दोन थरांमधील सांध्यांतून आडवा झिरपत जातो, आणि कड्याच्या कुशींत जेथें फट सांपडेल तेथें ठिबकूं लागतो. म्हणून ह्या डोंगरावर एक मोठा झरा न आढळतां अनेक लहान पाझर आढळतात. आणि त्यांतला नेमका कोणता पाझर म्हणजे गोदावरी, हें भूगोलापेक्षां श्रद्धेनेंच ठरविलेलें आहे.

ह्या डोंगराचें पाणी दोन्ही समुद्रांना जातें, ही गोष्ट मुंबईच्या वाचकानें विशेषेंकरून लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पूर्वेकडे उतरलें तें गोदावरीचें झालें. पश्चिमेकडे उतरलें तें वैतरणेचें. वैतरणेवर १९५७ सालीं मोडकसागर आणि १९७३ सालीं ऊर्ध्व वैतरणा हीं धरणें पुरीं झालीं, आणि ह्या नदीचें पाणी नळांतून मुंबईच्या घराघरांत जाऊन पोहोंचलें. म्हणजे दादर-गिरगांवांत ज्यानें त्र्यंबकचें नुसतें नांव ऐकलें आहे, तोही ह्या डोंगरांचें तीर्थ नित्य प्राशन करीत असतो. त्या तीर्थासाठीं तो संकल्प सोडीत नाहीं, पाणीपट्टी भरतो, एवढाच काय तो फरक.

गोदावरी भूतलावर कशी आली ह्याची कथा प्रसिद्ध आहे. दुष्काळांत गौतम ऋषींचा आश्रम तेवढा धान्यानें भरलेला होता. शेतांत शिरलेल्या एका गाईला हांकण्यासाठीं त्यांनीं दर्भाची काडी फेंकली आणि गाय गतप्राण झाली. त्या पातकाचें क्षालन व्हावें म्हणून त्यांनीं ब्रह्मगिरीवर तप केलें. शंकरांनीं जटा आपटून गंगा मोकळी केली. पण गंगा एका जागीं ठरेना. माथ्यावर प्रकटली, ती गुप्त झाली. गंगाद्वारीं दिसली, तीही दिसेनाशी झाली. शेवटीं गौतमांनीं पायथ्याशीं कुश नांवाच्या गवताचें वेढें घालून तिला अडविलें, म्हणून त्या जागेला कुशावर्त नांव पडलें. पुराणकथेकडून भूगोलाची अपेक्षा करूं नये हें खरें. तथापि ज्यानें ही कथा रचिली त्यानें हा डोंगर उन्हाळ्यांत पायीं तुडविला असावा, असें वाटल्यावांचून राहत नाहीं. माथ्यावर ओल, मध्यें कड्याला पाझर, खालीं कुंडांत पाणी, आणि ह्या तिन्हींच्या मधला सारा मार्ग कोरडा! पाणी दगडांतून लपून उतरतें, ही गोष्ट त्यानें नदीच्या रुसव्याच्या रूपानें सांगितली आहे.

गंगाद्वार पाहण्यास साडेसातशेंच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. वर कड्याच्या पोटाशीं लहानसें देऊळ आहे आणि गोमुखांतून पाणी पडतें. भाद्रपदांत गेलेल्यास धार दिसते. वैशाखांत गेलेल्यास थेंब मोजावे लागतात. हा थेंब पाहून निराश होणारा यात्रेकरू पुष्कळदां आढळतो. राजमहेंद्रीला ज्यानें गोदावरीचें समुद्रासारखें पात्र पाहिलें असेल त्यानें तर येथें मुद्दाम यावें. तिकडे नदी दिसते. इकडे तिचें मूल दिसतें.

आणखी वर, किल्ल्याच्या जुन्या दरवाजांतून खडकांत कोरलेल्या वाटेनें गेलें म्हणजे माथा लागतो. शंकरांनीं जटा आपटल्याच्या खुणा दाखविणारें जटामंदिर तेथेंच आहे. माथ्याच्या एका टोंकाला दुर्गभांडार म्हणून एक सुटा सुळका असून अरुंद खडकाच्या पुलावरून तिकडे जावें लागतें. वाटेवरचा जिना अखंड कातळ उभा चिरून खोदलेला आहे; त्यांतून उतरतांना वर आकाशाची एक पट्टी तेवढी दिसते. ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनीं हें स्थळ चुकवूं नये.

ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा ही त्र्यंबकची जुनी प्रथा. ज्ञानदेवांचे वडील विठ्ठलपंत सहकुटुंब येथें येऊन राहिले असतां रोज रात्रीं ही प्रदक्षिणा करीत, अशी संतचरित्रांतून कथा आहे. एके रात्रीं समोर वाघ आला, सर्वजण पळाले, आणि त्या गडबडींत थोरला मुलगा निवृत्ति चुकून एका गुहेंत शिरला. तेथें गहिनीनाथ बसले होते. त्यांच्यापासून निवृत्तीला, निवृत्तीपासून ज्ञानदेवाला आणि ज्ञानदेवापासून साऱ्या महाराष्ट्राला जें मिळालें तें सांगण्याची येथें जरुरी नाहीं. ज्ञानदेवांनीं इ. स. १२९६ त आळंदीस समाधि घेतली. सोपान व मुक्ताबाई मागोमाग गेलीं. आणि शके १२१९ च्या, म्हणजे १२९७ च्या ज्येष्ठांत, सर्व भावंडांना निरोप देऊन झाल्यावर निवृत्तिनाथांनीं ह्याच डोंगराच्या पायथ्याशीं देह ठेविला. दरसाल पौष वद्य एकादशीस येथें जी यात्रा भरते तींत भस्म लावलेले साधु नसतात आणि विधींचे दर विचारणारे यजमानही नसतात. नाशिक-अहमदनगरकडचा शेतकरी गडी खांद्यावर पताका घेऊन चालत येतो, भजनांत रात्र काढतो आणि चालत परत जातो. एका गांवांत तीन त्र्यंबकें नांदतात, तीं अशीं: एक ज्योतिर्लिंगाचें, एक आखाड्यांचें आणि एक वारकऱ्यांचें. तिघांचीं पंचांगें वेगळीं, चाली वेगळ्या, आणि पुष्कळदां एकाला दुसऱ्याची दखलही नसते.

आतां देवळाकडे वळावें. त्र्यंबकेश्वराचें देऊळ पाहून ‘किती प्राचीन!’ असे उद्गार काढणारांची संख्या मोठी आहे. क्षेत्र प्राचीन खरें. देऊळ मात्र पेशवाईंतलें आहे. आणि तें तेव्हांच कां झालें हें समजण्यासाठीं आधीं डोंगरावरच्या किल्ल्याकडे पाहिलें पाहिजे. कोंकणांतून वर येणाऱ्या घाटवाटांवर नजर ठेवणारा हा किल्ला ज्याच्या हातीं, त्याच्याच कृपेनें खालचें क्षेत्र नांदणार, अशी येथील जागेची रचना आहे. निजामशाहीच्या पडत्या काळांत शहाजी राजांनीं जे किल्ले धरून ठेविले होते आणि १६३६ च्या तहांत मोंगलांच्या स्वाधीन केले, त्यांत त्र्यंबक होता. १६७० त मोरोपंत पिंगळ्यांनीं तो स्वराज्यांत आणिला. संभाजी महाराजांच्या पश्चात् मोंगली अंमल पुन्हां बसला. औरंगजेबाच्या कारकीर्दींत ज्या देवस्थानांवर आघात झाले त्यांच्या यादींत १६९० सालाखालीं यदुनाथ सरकारांनीं वेरूळ, पंढरपूर यांच्याबरोबर त्र्यंबकेश्वराचेंही नांव दिलें आहे. पुढें अठराव्या शतकाच्या मध्यास किल्ला मराठ्यांकडे कायमचा आला, आणि १७५५ सालीं नानासाहेब पेशव्यांनीं देवळाचें काम सुरू केलें. ह्या दोन घटना एकामागोमाग एक याव्यात हा कांहीं योगायोग नव्हे.

काम ३१ वर्षें चाललें. त्या अवधींत काय काय झालें हें आठवलें म्हणजे ह्या दगडांकडे पाहण्याची दृष्टि बदलते. १७६१ त पानिपत झालें आणि त्याच वर्षीं नानासाहेब वारले. थोरले माधवराव अकरा वर्षें राज्य करून गेले. १७७३ त शनिवारवाड्यांत नारायणरावांचा खून झाला. बारभाईंचें कारस्थान, इंग्रजांशीं पहिलें युद्ध, वडगांव, सालबाई इतकें सारें होऊन गेलें. १७८६ त देऊळ पुरें झालें तेव्हां ज्यानें पायाचा दगड बसविला त्याचा नातू सवाई माधवराव गादीवर होता. काळ्या पाषाणाचें, चढत्या शिखराचें, अंगभर कोरीव कामानें भरलेलें हें देऊळ शांत काळांतलें आहे असें पाहणाराला वाटतें. वस्तुतः तें एका अशांत पिढीनें दुसऱ्या अशांत पिढीच्या हातीं सोंपविलेलें काम आहे.

गाभाऱ्यांतलें लिंग इतर ज्योतिर्लिंगांहून निराळें. शाळुंकेवर वर आलेली पिंडी येथें नाहीं. तेथें एक खळगा असून त्यांत अंगठ्याएवढीं तीन लहान लिंगें आहेत, आणि तीं ब्रह्मा, विष्णु व महेश यांचीं मानतात. ह्या खळग्यांतही पाणी पाझरतें, असें पुजारी सांगतात. दर सोमवारीं देवाचा पंचमुखी मुखवटा पालखींतून कुशावर्तावर स्नानाला नेतात. देवाला देखील स्नान पाहिजे तर कुंडावर जावें लागतें, एवढें ह्या कुंडाचें महत्त्व!

देवाच्या अलंकारांत पूर्वीं एक मोठा हिरा होता. जगाच्या जवाहिरांत त्याला नाशिकचाच हिरा म्हणतात. १८१८ त पेशवाई बुडाली तेव्हां तो कंपनी सरकारच्या हातीं पडून विलायतेस गेला, लंडनच्या सराफांत विकला गेला, पैलू पाडून लहान लहान होत गेला. सुमारें नव्वद कॅरट वजनाचा हा खडा १९४० त न्यूयॉर्कच्या एका जवाहिऱ्याकडे शेवटचा घासला गेला तेव्हां ४३.३८ कॅरट उरला. गेलेल्या राज्याचेंही असेंच होतें. प्रत्येक नव्या धन्यानें आपल्या सोयीनें त्याला पैलू पाडले.

त्र्यंबकच्या इतिहासांतलें सर्वांत महत्त्वाचें प्रकरण मात्र देवळाचें नाहीं आणि किल्ल्याचेंही नाहीं. तें स्नानाच्या मानाचें आहे. गुरु सिंह राशींत आला म्हणजे गोदावरींत स्नान करण्याचें माहात्म्य. त्या पर्वकाळीं शैव संन्यासी म्हणजे गोसावी आणि वैष्णव बैरागी, दोघेही हिंदुस्थानाच्या कानाकोपऱ्यांतून येत. हे केवळ जपमाळा ओढणारे विरागी नव्हते. त्यांचे आखाडे होते, निशाणें होतीं, घोडे-हत्ती होते, हत्यारें होतीं. राजेरजवाडे त्यांना लढाईस भाड्यानें बोलावीत. आणि गोसाव्यांचा मोठा व्यापार व सावकारी होती. अशा दोन सैन्यांनीं एकाच मुहूर्तावर एकाच पाण्यांत उतरावयाचें, तर आधीं कोणीं उतरावें हा प्रश्न धर्माचा राहत नाहीं, अब्रूचा होतो. १७८९ च्या सिंहस्थांत ह्यावरून मोठा संग्राम झाला. बारा हजार साधु पडले, असा उल्लेख एका ताम्रपटांत असल्याचें सांगतात. हा आकडा अक्षरशः खरा मानणें कठीण आहे. मेलेल्यांची संख्या जिंकलेल्यांच्या तोंडीं नेहमीं फुगते. पण रक्तपात भयंकर झाला असला पाहिजे, कारण त्यावर झालेला निवाडा आजतागायत मोडलेला नाहीं.

निवाडा असा कीं, वैष्णवांनीं नाशकास रामकुंडावर स्नान करावें आणि शैवांनीं त्र्यंबकास कुशावर्तावर करावें. नदी एक, पर्व एक, पण घाट दोन. आणि दोहोंमध्यें अठरा मैलांचें अंतर. पेशवे दरबारच्या हुषारीचीं उदाहरणें म्हणून रणांगणावरच्या गोष्टी फार सांगितल्या जातात. हा निवाडा त्यांच्या तोडीचा आहे असें म्हणावें लागतें. कोणाचाही मान कमी केला नाहीं. ‘पहिला कोण’ हा प्रश्नच दोन ठिकाणीं वांटून टाकला. त्याप्रमाणें अजूनही त्र्यंबकास दहा आखाड्यांचे साधु येतात आणि नाशकास तीन वैष्णव आखाड्यांचे. प्रयाग, हरद्वार, उज्जयिनी येथें सर्व आखाडे एकाच ठिकाणीं स्नान करितात. हा द्विभागी कुंभ येथेंच काय तो. सिंहस्थ त्र्यंबकचा कीं नाशिकचा, असा वाद दर बारा वर्षांनीं वर्तमानपत्रांतून निघतो, त्याचें मूळही ह्याच वांटणींत आहे.

कुशावर्त हें कुंड एखाद्या मोठ्या वाड्याच्या चौकाएवढें असेल. चोहोंबाजूंनीं दगडी ओवऱ्या, आंत उतरण्यास पायऱ्या. ज्या जागीं शंभर माणसें उभीं राहिलीं तर दाटी वाटते, तेथें पर्वाच्या एका दिवशीं लाखों माणसांना बुडी मारावयाची असते. संन्याशांचे आखाडे ठरल्या क्रमानें मिरवणुकीनें येतात, प्रत्येकास घड्याळाप्रमाणें वेळ नेमून दिलेला असतो, आणि ते निघून गेल्यावर प्रपंची जनांची पाळी येते. शस्त्रांची भीति गेली. आतां भीति आहे ती दाटीची. २७ ऑगस्ट २००३ रोजीं नाशकास स्नानाला जाणाऱ्या गर्दींत चेंगराचेंगरी होऊन सुमारें चाळीस यात्रेकरू मृत्यु पावले. १७८९ च्या निवाड्यानें साधूंना साधूंपासून वेगळें केलें. गर्दीला गर्दीपासून वेगळें करणारा निवाडा अद्याप कोणाला साधलेला नाहीं.

पेशवाईचा शेवट येथें फार झटपट झाला. एप्रिल १८१८ त कर्नल मॅकडोवेलच्या फौजेनें किल्ल्याला वेढा घातला. थोड्याच दिवसांत किल्ला खालीं झाला, आणि त्र्यंबक पडला हें ऐकून आसपासचे कित्येक किल्ले न लढतांच मोकळे झाले. त्यानंतर एकदांच ह्या डोंगरांनीं डोकें वर काढलें. डिसेंबर १८५७ त भिल्ल आणि ठाकर लोकांनीं रात्रीं येऊन त्र्यंबकच्या सरकारी खजिन्यावर हल्ला केला. मागून धरपकड व्हावयाची ती झाली. क्षेत्राच्या माहात्म्यांत ह्या डोंगरच्या लोकांना फारशी जागा मिळालेली नाहीं. परंतु यात्रेकरूंच्या आधीं आणि यात्रेकरूंच्या नंतर हा डोंगर त्यांचाच आहे.

ज्यांच्यापाशीं आणखी एक दिवस असेल त्यांनीं नाशिकच्या वाटेवर चार-पांच मैल मागें येऊन अंजनेरीस उतरावें. अंजनीमातेनें येथें मारुतीला जन्म दिला, अशी ह्या पर्वताविषयीं श्रद्धा आहे. आणि पर्वत ब्रह्मगिरीइतकाच उंच आहे. पण इतिहासाच्या वाचकाला खरें आकर्षण पायथ्याच्या गांवाचें. शेतांतून आणि झाडींतून जुन्या हिंदु व जैन देवळांचे भग्नावशेष पसरलेले आहेत. त्यांपैकीं एका जैन देवळांत शके १०६३ चा, म्हणजे इ. स. ११४१ च्या सुमाराचा, संस्कृत शिलालेख आहे. सेउणचंद्र यादवाच्या काळीं चंद्रप्रभ तीर्थंकराच्या ह्या देवळाला नगरांतलीं दुकानें दान दिल्याची त्यांत नोंद आहे. दुकानें दान देण्याइतकी येथें बाजारपेठ होती, म्हणजे आजचें हें खेडें त्या काळीं शहर होतें!

त्याहूनही मागें नेणारे ताम्रपट ह्याच अंजनेरीस सांपडले. हरिश्चंद्र वंशांतल्या भोगशक्ति नांवाच्या राजाचे हे ताम्रपट कलचुरि संवत् ४६१ चे, म्हणजे आठव्या शतकाच्या आरंभींचे आहेत, आणि महामहोपाध्याय मिराशींनीं ते संपादिले आहेत. एक ओसाड पडलेलें नगर राजानें पुन्हां वसविलें आणि तेथें राहावयास येणाऱ्या व्यापाऱ्यांना सवलती दिल्या: जकात माफ, राजपुरुषांना जागा व शिधा देण्याची सक्ति नाहीं, निपुत्रिकाचें धन सरकारजमा होणार नाहीं. कोणत्या अपराधाला किती दंड, तेंही लिहून ठेविलें आहे. तेराशें वर्षांपूर्वींच्या राजाला एवढें कळत होतें कीं, गांव देवळानें नव्हे तर तेथें निर्धास्तपणें राहणाऱ्या माणसांनीं वसतें. सह्याद्रीच्या ह्या कोपऱ्यांतलें इतकें बोलकें कागदपत्र दुसरें क्वचितच सांपडेल. पण त्र्यंबकला जाणाऱ्या हजारांत एकालाही त्याची वार्ता नसते.

अंजनेरीच्या पठारावर कंदीलपुष्पाची एक जात होते. वनस्पतिशास्त्रज्ञांनीं २००६ सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें आणि तिला ह्या डोंगराचेंच नांव दिलें. पावसाळ्यांत फुलणारें हें नाजुक फूल पायदळीं जाऊं नये एवढी काळजी दर्शनाला जाणाऱ्यांनीं अवश्य घ्यावी.

दुसरें स्थळ हरिहरगडाचें. त्र्यंबकच्या पश्चिमेस असलेल्या ह्या किल्ल्याच्या उभ्या कातळांत जिन्यासारख्या पायऱ्या खोदलेल्या आहेत. हाताला धरावयास खोबण्या आहेत, खालीं पाहावयास मात्र धीर पाहिजे. अलीकडे तरुण मंडळींची येथें झुंबड उडते आणि सुटीच्या दिवशीं त्या अरुंद पायऱ्यांवर चढणारे व उतरणारे समोरासमोर येतात. आडवारीं जावें, हें उत्तम.

त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांविषयीं बरें-वाईट पुष्कळ बोललें जातें. नारायण-नागबळीसारख्या विधींच्या दक्षिणेवरून कुरबुर ऐकूं येते, आणि ती सर्वस्वीं निराधार नसते. परंतु त्यांच्या माडीवर कपड्यांत बांधून ठेविलेल्या वह्या पाहिल्या म्हणजे टीकाकारही क्षणभर गप्प बसतो. अमुक गांवचे अमुक आडनांवाचे कोण केव्हां आले, बरोबर कोण होतें, हें पिढ्यान् पिढ्या आलेल्याच्या हातानेंच लिहून घेतलेलें असतें. आपल्या खापरपणज्याची मोडी सही तेथें अवचित दिसल्यानें गहिंवरलेले शहरी गृहस्थ दुर्मिळ नाहींत. सरकारी दप्तरांत राजे सांपडतात; सामान्य घराण्यांचा इतिहास ह्या वह्यांत आहे. दमट हवेंत आणि वाळवीच्या तोंडीं त्या किती दिवस टिकतील, ह्याची चिंता मात्र विद्यापीठांनीं अद्याप हवी तितकी घेतलेली दिसत नाहीं.

अशाच एका शास्त्र्याच्या घरीं ३० एप्रिल १८७० रोजीं धुंडिराज गोविंद फाळके जन्मले. वडील संस्कृतचे पंडित. मुलगा चित्रकलेच्या व यंत्राच्या नादीं लागला आणि १९१३ त ‘राजा हरिश्चंद्र’ काढून भारतीय चित्रपटाचा जनक झाला. दादासाहेबांचा १९३७ चा शेवटचा चित्रपट ‘गंगावतरण’ हा होता. ज्या मुलानें गंगाद्वाराकडे पाहत बाळपण काढलें, त्यानें आयुष्याच्या अखेरीस तोच विषय पडद्यावर मांडावा, ह्यांत नवल नाहीं.

राहिली ती नदी. गंगाद्वारचा पाझर आणि कुशावर्ताचें पाणी एकत्र होऊन गांवाबाहेर पडावें, वाटेंत अहल्या नांवाचा ओहोळ येऊन मिळावा, असा तिचा मूळचा मार्ग आहे. हा मार्ग भर वस्तींतून जातो. गेल्या कांहीं दशकांत गांवांतलें बरेंचसें पात्र सिमेंटच्या लाद्यांखालीं झांकलें गेलें. वर रस्ता झाला, गर्दीची सोय झाली. खालीं मात्र नदींत सांडपाणी मिसळलें तरी तें दिसेनासें झालें. गवताच्या वेढ्यानें गौतमांनीं नदी थांबविली ती लोकांना दिसावी म्हणून. ही झांकणी नेमकी उलट कामाची ठरली. हा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढें गेला, आणि सांडपाण्याचा बंदोबस्त करण्याविषयीं तेथून वेळोवेळीं आदेश निघाले. कुशावर्ताचें पाणी यंत्रानें गाळण्याची व्यवस्था करावी लागली. तिकडे ब्रह्मगिरीच्या पायथ्याशीं खोदकाम सुरू झाल्यावरून २०२१ त लोकांनीं ओरड केली. डोंगर उकरला तर त्याच्या सांध्यांतून झिरपणारें पाणी कोणती वाट धरील हें सांगतां येत नाहीं, ही त्या ओरडण्यामागची धास्ती अगदीं शास्त्रशुद्ध होती.

पुढचा सिंहस्थ २०२६-२७ चा. त्यासाठीं रस्ते, घाट, निवारे यांच्या योजना आखल्या गेल्या. ज्यांना गोदेचा पहिला कोस पाहावयाचा असेल त्यांनीं गर्दीचा मुहूर्त टाळून भाद्रपदाच्या अखेरीस यावें. सकाळीं गंगाद्वार चढावें, दुपारीं कुशावर्ताच्या ओवरींत थोडें बसावें आणि उन्हें उतरल्यावर लाद्यांच्या कडेकडेनें गांवाबाहेर चालत जावें. जेथें लाद्या संपतात तेथें खालून काळपट पाणी बाहेर येतें. भाताच्या खाचरांच्या बाजूनें तें पुढें सरकतें, त्याला दोन्हीकडून ओढे मिळतात, आणि कांहीं मैलांवर १९६५ त पुरें झालेल्या गंगापूरच्या मातीच्या धरणांत तें जाऊन सांठतें. नाशिक शहर पाणी पितें तें ह्याच धरणाचें.